एकूण वजन

"पोवार, हे तुम्ही घ्या," असं म्हणत मोहोळकर सरांनी एक खाकी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. लाखेची तीन सीलं, पंचांच्या सह्या, वर ठाण्याचा शिक्का. "गांजा म्हणून धाड घातली आणि हे सापडलं. काय आहे ते पोलिसांनाच कळत नाहीये."

मी सीलं तपासली, पाकीट कापलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत वाळलेली अळंबी होती. बोटाएवढे देठ, वर सुरकुतलेल्या टोप्या, जिथे मोडलं होतं तिथे निळसर काळा डाग. गोठ्यात येतो तसा वास. मी माहेरची आजऱ्याकडची, पावसात शेणाच्या ढिगांवर उगवणारी अळंबी लहानपणापासून पाहिलेली. आम्हाला त्यांना हात लावू देत नसत, एवढंच.

"खायची नाहीत ही," मी म्हणाले.

"कुणीतरी खात होता. त्याचीच तर केस आहे."

हे २०११च्या सप्टेंबरमधलं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषक म्हणून लागून मला दहा महिने झाले होते. परिवीक्षा काळ संपायला अजून चौदा महिने होते. कायम होण्याच्या आधी कुणाची तक्रार नको, कुठे नाव यायला नको, एवढं घरून रोज फोनवर ऐकायची.

सोबतच्या पत्रात आरोपीचं नाव होतं, यशवंत रामा गावडे, वय एकेचाळीस, आयटीआयमध्ये वेल्डिंगचे निदेशक. राहत्या घरातून बरणीत भरलेला माल जप्त, वजन अठ्ठावन्न ग्रॅम. माझ्या तराजूवर सत्तावन्न पूर्णांक दोन भरलं. थोडाफार ओलावा उडतोच.

पोलिसांचा प्रश्न नेहमीचाच होता. सदर मालात अमली पदार्थ आहे किंवा कसे. मी अर्क काढला, प्लेटवर ठिपके घेतले, अभिकर्मक फवारला. रंग आला. सायलोसिबिन होतं, कायद्याच्या यादीतला अमली पदार्थ. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, तिथे थांबले असते तर चाललं असतं.

पण आमच्याकडे नवं यंत्र आलं होतं आणि ते चालवण्याचं प्रशिक्षण एकट्या मीच घेतलं होतं. त्या प्रशिक्षणाहून आणलेली मोजमाप ताडून पाहायच्या मानक द्रावणाची एक कुपी शीतकपाटात पडून होती. दोन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत बसून तो नमुना यंत्रावर चालवला. कुणी सांगितलं नव्हतं. हौस म्हणा. तिन्ही वेळा उत्तर जवळजवळ सारखं आलं. शेकडा शून्य पूर्णांक सहा. म्हणजे सत्तावन्न ग्रॅम अळंब्यांमध्ये अमली पदार्थ होता एक तृतीयांश ग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षाही कमी.

मी ते वर्कशीटच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं आणि सरांकडे घेऊन गेले.

मोहोळकर सर वाईट माणूस नव्हते. हे मी आजही म्हणते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, मधुमेही, दुपारी बरोबर एकला ज्वारीची भाकरी खाणारे. त्यांनी कागद उलटा करून पाहिला आणि चष्मा काढला.

"हे कशाला केलंत?"

"सर, कायद्यात या पदार्थाचं प्रमाण दिलंय. दोन ग्रॅमपर्यंत अल्प. पन्नासच्या वर गेलं की व्यापारी. एकूण वजन धरलं तर हा माणूस व्यापारी ठरतो. खरा पदार्थ बघितला तर अल्पच्याही खूप खाली येतो."

"एकूण वजन धरायचं असं परिपत्रक आहे."

"ते मिश्रणासाठी आहे ना सर. पावडरमध्ये पिठीसाखर मिसळली तर. हे तर उगवलेलं आहे, कुणी मिसळलेलं नाही."

"हा युक्तिवाद वकिलाचा आहे, पोवार. तुमचा नाही." ते शांतपणे बोलत होते. "तुमची ती कुपी कधीची आहे?"

"दोन हजार आठची."

"मुदत?"

मुदत संपून वर्ष झालं होतं.

"आलेखावरचं शिखर स्वच्छ आलंय सर. तिन्ही वेळा."

"असेल. पण मुदत संपलेल्या मानकावर काढलेला आकडा तुम्ही सहीनिशी दिलात, तर पहिल्याच तारखेला सरकारी वकील तुम्हाला उभं फाडेल. मग खात्याची चौकशी. मग याआधीचे तुमचे दोनशे अहवाल संशयात. जे विचारलंय तेवढंच लिहायचं. विचारलंय का त्यांनी टक्केवारी?"

"नाही."

"मग झालं."

कागद त्यांनी मला परत दिला. खोडा असं ते म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे चौकशीत माझ्याकडून तसं वदवून घ्यायचा प्रयत्न झाला आणि मी ते म्हटलं असतं तर माझं बरंच हलकं झालं असतं. रबर मीच घेतलं. टेबलाशी बसून तीन ओळी खोडल्या, फुंकर मारली, आणि पुढच्या बाजूला शाईनं लिहिलं. सायलोसिबिन आढळले. एकूण वजन ५७.२ ग्रॅम.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात शिपायानं सांगितलं की खाली एक बाई तासाभरापासून बसली आहे आणि अळंब्यांची केस ज्यांच्याकडे आहे त्यांना भेटायचं म्हणते. आरोपीच्या नातेवाइकांना भेटायचं नसतं. पण मला बसस्टँडकडे जायचंच होतं आणि ती फाटकापाशीच उभी होती. पस्तिशीची, उंच, रंग उतरलेली पण कडक इस्त्रीची साडी. हातात कापडी पिशवी.

"तुम्हीच का पोवार मॅडम? मी सुलभा गावडे."

"हे बघा, मला केसबद्दल काही बोलता येत नाही."

"बोलू नका. मी बोलते, तुम्ही चाला."

ती माझ्या बरोबरीनं चालू लागली. मी पावलं भरभर टाकली, तिनंही टाकली.

"ह्यांचं डोकं दुखतं," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल डोकं काय सगळ्यांचंच दुखतं. हे तसलं नव्हे. डाव्या डोळ्याच्या मागं. रोज दुपारी दोनला, घड्याळ लावल्यासारखं. दीड तास. डोळ्यातनं, नाकातनं एकाच बाजूनं पाणी वाहतं. बसवत नाही, झोपवत नाही. भिंतीवर डोकं आपटतात. आमच्या मागच्या खोलीत भिंतीला गादी बांधली होती मी, सुतळीनं."

मी रस्ता ओलांडला. तीही ओलांडून आली.

"बेळगावच्या डॉक्टरनं नाव सांगितलं त्या दुखण्याचं. सगळ्या गोळ्या झाल्या. पुण्याला जाऊन आलो. ऑक्सिजनचं नळकांडं लावलं की जरा उतरायचं, पण ते आमच्याकडं दर वेळी कुठनं मिळायचं. त्यांचा एक विद्यार्थी दुबईला आहे. त्यानं कॉम्प्युटरवर वाचलं की हे दुखणं असणारी बाहेरदेशातली माणसं अळंबी खातात. वाईच. दोन महिन्यातनं एकदा. नशा येईल इतकीसुद्धा नाही. ह्यांनी विचार केला, ती तर आपल्या गायरानात पावलापावलाला आहेत."

"आणि?"

विचारायचं नव्हतं मला. तोंडातून गेलं.

"आणि काय. थांबलं. आठ महिने दुखलं नाही मॅडम. नऊ वर्षांत पहिल्यांदा. लेकीच्या गॅदरिंगला दुपारचं येऊन बसले. पावसाळा संपला की मिळणार नाहीत म्हणून वर्षाची वाळवून ठेवली होती. बांधावरनं ज्याच्याशी वाकडं होतं त्यानं ठाण्यात सांगितलं, गावडे मास्तर गांजा वाळवतो."

आम्ही स्टँडच्या दारात पोचलो होतो. ती थांबली.

"वकील म्हणतो, पन्नासच्या वर असल्यामुळं जामीन होत नाही. मी म्हटलं, अहो, त्यात अर्ध्याहून जास्त नुसतं लाकडासारखं देठ असणार. खरं औषध किती असंल त्यात? तो म्हणाला, ते लॅबवाले काढू शकतात, पण अहवालात नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "निघतं का हो ते? काढता येतं?"

"अहवाल कोर्टात गेलाय," मी म्हणाले. "जे आहे ते त्यात आहे."

"म्हणजे काढलं नाही."

"तुमच्या वकिलांना अर्ज करायला सांगा. कोर्टानं आदेश दिला तर फेरतपासणी होते."

हे खरं होतं. हेच मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं, की मी तिला मार्ग दाखवला. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "आता तुरुंगात रोज दोनला सुरू होतं. तिथली माणसं म्हणतात, नशा मिळत नाही म्हणून करतोय."

माझी बस लागली होती. मी चढले.

अर्ज झाला, असं पुढे कळलं. फेटाळला गेला, कारण नमुना आमच्या गोदामात बुरशी लागून खराब झाला होता. मग जामीन फेटाळला. दुसऱ्यांदाही फेटाळला. त्या दीड वर्षात माझ्या हातून चारशे तरी अहवाल गेले असतील. मी कायम झाले. आईनं पेढे वाटले.

साक्षीचं समन्स फेब्रुवारी २०१३ला आलं. निघताना मोहोळकर सर म्हणाले, "जेवढं विचारतील तेवढंच. हो किंवा नाही. पदरचं काही घालायचं नाही."

सकाळपासून कोर्टाच्या बाकावर बसून होते. माझा पुकारा झाला तेव्हा जेवणाची सुट्टी संपून पावणेदोन वाजले होते. आरोपीच्या पिंजऱ्यात एक माणूस उभा होता. कल्पनेत मी कुणीतरी दांडगा धरला होता. हा शिडशिडीत, केस पिकलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. वेल्डिंग करणाऱ्यांचे असतात तसे हातावर बारीक पांढरे डाग. कपाळावर एक जुनी खोक आणि तिच्यावरच एक नवी. सुलभा मागच्या बाकावर होती. तिच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. तिचं नाव श्रावणी, हे मला नंतर समजलं.

सरकारी वकिलांनी मला पाच मिनिटांत मोकळं केलं. सीलं शाबूत होती का. हो. पदार्थ आढळला का. हो. अहवालावरची सही आपलीच का. हो.

मग आरोपीचे वकील बेळगुंदकर उठले. तरुण होते, आवाज बारीक. फाइल चाळायला त्यांनी थोडा वेळ घेतला आणि त्याच वेळी पिंजऱ्यातून कण्हण्याचा आवाज आला.

गावड्यांनी डावा तळवा डोळ्यावर दाबला होता. बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं. ते पुढे मागे झुलत होते, मग कठड्याला धरून खाली वाकले, उठले, परत वाकले. कपाळ लाकडावर आपटल्याचा आवाज झाला. एकदा, दोनदा. त्याला एक लय होती. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दोनला तीन मिनिटं होती.

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. "आरोपीला काय होतंय?"

"नेहमीचंच आहे साहेब," बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला. "तारखेला आणलं की करतो."

"साहेब, हा आजार आहे," बेळगुंदकर म्हणाले. "कागद जोडलेत."

"पाणी द्या त्यांना. बाहेर न्यायचं असेल तर न्या. साक्ष पुढे ढकलायची आहे का?"

गावड्यांनीच मान हलवली. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. "नको. चालू द्या. परत चार महिने पुढं जाईल."

बेळगुंदकर माझ्याकडे वळले. त्यांच्या हातात माझ्या वर्कशीटची प्रत होती. पुढच्या बाजूची.

"मॅडम, ही अळंबी नैसर्गिक होती? म्हणजे कुणी काही मिसळलेलं, वरून लावलेलं असं काही?"

"नाही. नैसर्गिक होती."

"सत्तावन्न ग्रॅम हे अळंब्यांचं वजन झालं. त्यातल्या अमली पदार्थाचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"तो पदार्थ नेमका किती आहे हे शोधायची सोय तुमच्या प्रयोगशाळेत आहे?"

"यंत्र आहे."

"मग या मालातलं प्रमाण तुम्ही काढलं होतं का?"

कपाळ आपटण्याचा आवाज थांबला होता. मी बघितलं. ते कठडा धरून उभे होते, एक डोळा मिटलेला, सुजलेला, दुसरा उघडा. त्या डोळ्यानं ते माझ्याकडे बघत होते. विनवणी वगैरे नव्हती त्यात. वर्कशॉपमध्ये पोरानं जोड नीट मारलाय की नाही ते मास्तर बघतो, तसं बघत होते.

हो म्हणाले असते तर पुढचा प्रश्न येणार होता, नोंद कुठे आहे. नोंद खोडली आहे. का खोडली. कुणी खोडली. सरकारी दस्तऐवज खोडणं हा गुन्हा आहे, आणि तो दीड वर्षापूर्वी माझ्या हातून झाला होता. हे सगळं माझ्या मनातून किती भरकन गेलं ते मला आठवतं. त्या माणसाच्या डोक्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "काढलं नाही."

"खात्रीनं सांगता?"

"हो."

लेखनिकानं टंकलं. मी वाचून सही केली.

दहा वर्षांची शिक्षा झाली त्यांना. त्या कलमात तेवढी द्यावीच लागतात, न्यायाधीशांच्या हातात कमी करणं नव्हतं. निकालपत्रात माझ्या साक्षीचा एक परिच्छेद होता. प्रमाण निश्चित केलेले नसल्याने एकूण वजन ग्राह्य धरण्यात येते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पेपरात चार ओळींची बातमी आली. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याचा मृत्यू. दुपारच्या वेळी पाण्याच्या टाकीपाशी डोकं आपटून घेताना पडला, मेंदूत रक्तस्राव. नाव, वय, तालुका. प्रयोगशाळेत तो पेपर सगळ्यांच्या टेबलावरून फिरला. माझ्याशी कुणी काही बोललं नाही. ती केस कुणाची हे आठवण्याचं कुणाला कारणही नव्हतं.

मला वाटलं होतं की आता संपलं. मेलेल्या माणसाचं अपील संपतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मग आकडा खरा काय आणि खोटा काय. तीन वर्षं मी अशी काढली. या काळात मी फारशी दुःखी होते असंही नाही. लग्न झालं, घर घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला मी काम थांबवून उगाच हात धुवायला जायची, एवढंच.

२०१६च्या पावसाळ्यात पुन्हा तसंच एक पाकीट आलं. कॉलेजच्या दोन मुलींकडे सापडलेलं, अळंबीच. ते काम नागपूरहून बदलून आलेल्या ठवरेंकडे होतं. पन्नाशीचे, मिशा रंगवणारे, बोलघेवडे. ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, टक्केवारी काढून टाकतो. यंत्र मोकळं आहे ना?"

"जे विचारलंय तेवढंच लिहायचं," मी म्हणाले.

माझाच आवाज, पण शब्द आणि शांतपणा सगळा मोहोळकर सरांचा.

"असं कसं मॅडम. आमच्याकडे आम्ही लिहायचो. पोरींचा जन्म जाईल. थोडंसं जवळ सापडलं यात गुन्हा धरावा का, हाच मला प्रश्न पडतो. पण धरतात, तर निदान थोडं आहे एवढं तरी खरं लिहू."

त्यांनी काढलं आणि लिहिलंसुद्धा. त्यांना काहीही झालं नाही. कुणी फाडलं नाही, चौकशी लागली नाही. आठवड्याभरात त्या मुली जामिनावर घरी गेल्या.

रविवारी सकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मी एके ठिकाणी जाऊन येते, आणि गावड्यांच्या गावाला जाणारी चंदगडची बस धरली.

सुलभाबाई काजूच्या कारखान्यात जायला लागल्या होत्या. रविवार असूनही ओसरीवर बसून टरफलं फोडत होत्या, अंगठा आणि दोन बोटं काजूच्या तेलानं काळी पडलेली. मला त्यांनी लगेच ओळखलं. उठल्या नाहीत. मुलगी पाणी घेऊन आली, आता ती बरीच उंच झाली होती, बारावीला होती.

"आत जा गं, अभ्यास कर," त्यांनी तिला सांगितलं.

मी जोत्यावर बसले आणि सगळं सांगितलं. कुपी, यंत्र, तीन वेळा काढलेला आकडा, रबर. एक तृतीयांश ग्रॅम. कोर्टात जे नाही म्हटलं ते खोटं होतं. त्यांचा हात एकदाही थांबला नाही. काजू फोडायचा, गर एका टोपल्यात, टरफल दुसऱ्यात.

"आणि त्या दिवशी स्टँडवर मी विचारलं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा मला माहीत होतं."

"आकडा माहीत होता."

"हो."

तेव्हा हात थांबला.

"तुम्ही आता मोकळ्या झालात," त्या म्हणाल्या. "मी काय करू ह्याचं? घेऊन कुठं ठेवू?"

मी रडले नाही. तिथे बसून रडायचा मला हक्क नाही हे मला कळत होतं.

"लिहून देता?" त्यांनी एकदम विचारलं.

"काय?"

"हे आत्ता बोललात ते. सही करून. ह्यांचं अपील चालू आहे."

मला समजेना. त्यांनीच सांगितलं. गावडे गेल्यावर तीस दिवसांच्या आत त्यांनी वरच्या कोर्टात अर्ज केला होता, की नवऱ्याचं अपील मला बायको म्हणून पुढे चालवायचं आहे. बेळगुंदकरांनीच सुचवलं होतं. कोर्टानं परवानगी दिली होती. तीन वर्षं ते तसंच पडून होतं.

"आता काय मिळणार त्यातनं, असं भाऊ म्हणतो," त्या म्हणाल्या. "पण श्रावणीला शाळेत पोरं गांजावाल्याची म्हणायची. तिच्या कागदावर बाप व्यापारी नको. अमली पदार्थाचा व्यापारी, असं लिहिलंय निकालात. ह्या माणसानं आयुष्यात कुणाला विडी पाजली नाही. शेणात उगवलेलं, स्वतःच्या डोक्यासाठी आणलेलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमची नोकरी जाईल ना?"

"जाईल बहुतेक. खोट्या साक्षीचा खटलाही होईल."

"बघा मग."

त्यांनी आग्रह केला नाही. पुन्हा काजू फोडायला लागल्या. मी त्यांच्या मुलीकडून वहीचा कागद मागून घेतला आणि तिथेच जोत्यावर बसून लिहिलं. पुढे बेळगुंदकरांनी त्याचं रीतसर प्रतिज्ञापत्र केलं. यंत्राच्या जुन्या संगणकात तारखेसकट तिन्ही फाइली होत्या, त्या मला ठवरेंनी शोधून दिल्या. मुदत संपलेल्या मानकावरून भरपूर वाद झाला, शेवटी तज्ज्ञानं सांगितलं की कितीही चूक धरली तरी अर्ध्या ग्रॅमच्या वर जात नाही.

मी निलंबित झाले, मग बडतर्फ. खटला झाला, सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती मी भोगली. त्याबद्दल मला इथे काही सांगायचं नाही. आज मी घरी बारावीच्या मुलांची रसायनशास्त्राची शिकवणी घेते.

अपिलाचा निकाल २०१८च्या जूनमध्ये लागला, माझा खटला तेव्हा अजून उभा राहायचा होता. मी कोर्टात गेले होते. सुलभाबाई मुलीला घेऊन आल्या होत्या, ती तेव्हा नर्सिंगला होती. त्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं. प्रतिज्ञापत्रानंतर त्या कधी माझ्याशी आपणहून बोलल्या नाहीत, आणि मीही अपेक्षा केली नाही.

दहा मिनिटांत झालं. इंग्रजीत वाचलं, भरभर. बाहेर व्हरांड्यात येऊन बेळगुंदकरांनी मायलेकींना समजावून सांगितलं. मी चार पावलं मागे उभी होते, पण ऐकू येत होतं.

"वहिनी, व्यापारी प्रमाण हे कलम काढून टाकलं. ते नाव पुसलं. दहा वर्षांची शिक्षाही रद्द झाली. मालातला खरा पदार्थच धरला त्यांनी, म्हणून अल्प प्रमाण. स्वतःच्या वापरासाठी जवळ बाळगलं, एवढंच ठेवलंय."

"एवढं आहेच पण गुन्हा."

"कायदा आहे तोवर आहे. कोर्टाला त्यापलीकडे जाता येत नाही. पण त्याला शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. तेवढी त्यांनी केव्हाच भोगली होती."

सुलभाबाईंनी पदरानं ओठ टिपले. मुलीनं त्यांचा दंड धरला होता.

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नेलं होतं," त्या म्हणाल्या, आणि काळी पडलेली बोटं एकेक करून मिटत गेल्या. श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक. मार्गशीर्ष, पौष. सहावर थांबल्या.

"म्हणजे हे शिमग्याला घरी असते."